बासष्ट ते त्र्याऐंशी

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. उत्तराला पाच दिवस लागले ते आळसामुळे नाही. दोनदा लिहून फाडलं. इकडे सगळे बरे आहेत. आईचा खांदा आता वर जातो, पण डब्यांच्या फळीपर्यंत नाही, म्हणून तिने फळीच खाली घ्यायला लावली. दादा-वहिनी नव्या घरात रुळले. बाबा सकाळी फिरून येतात आणि किती पावलं झाली ते कुणी न विचारता सांगतात.

तू विचारलंस म्हणून सांगते. कादंबरी सातव्या ठिकाणाहूनही परत आली. चिठ्ठी छापील होती, 'आपल्या लेखनास शुभेच्छा' म्हणणारी. पण या वेळी खालची सही शाईची होती, शिक्का नव्हता. आईला मी हे प्रगती म्हणून सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, निदान पेन तरी उचललं कुणीतरी.

पाकीट बाबांच्या हाती पडलं होतं. असं पाकीट आलं की ते वर्तमानपत्रात गुंडाळून आत आणतात, शेजारच्या काकूंना दिसू नये म्हणून. ते माझ्या टेबलावर ठेवतात आणि मी न मागता चहा करून देतात. मला ते पाहून बरं वाटतं आणि लगेच वाईटही वाटतं. वाईट का वाटतं ते आत्ता नको.

दुकानात काम भरपूर आहे. दिवसभर माणसांच्या नाकावर काचा चढवायच्या, 'हे स्पष्ट दिसतंय की हे?' विचारायचं. परवा एक आजोबा आले. तक्त्यावरच्या सगळ्या ओळी घडाघडा म्हणाले, शेवटचीसुद्धा. मला शंका आली म्हणून मी तक्ता उलटा टांगला, तर त्यांनी त्याच क्रमाने पुन्हा म्हणून दाखवला. गेली चार वर्षं पाठ आहे म्हणे. चष्मेवाले काका इतके हसले की त्यांचाच चष्मा पडला. काका मला लेखिकाबाई म्हणतात आणि पुस्तक बारीक अक्षरात छापायला सांग, आपला धंदा वाढेल, असा सल्ला देतात.

परत आलेलं पाकीट त्याच दिवशी दुसऱ्या पत्त्यावर टाकावं, घरात झोपू देऊ नये, असं तू लिहितेस. मला ते जमत नाही. मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचते, तीन स्वल्पविराम काढते, दोन परत घालते आणि तीन आठवडे जातात. या वेळी मात्र चौथ्या दिवशी तयार आहे. उद्या आठव्या पत्त्यावर पाठवते.

तू वाचायला प्रत मागितली आहेस. पाठवीन. जरा नीट उतरवून होऊ दे. अक्षर काही ठिकाणी फारच गिचमिड झालं आहे.

तुझ्या वसतिगृहातल्या मुलींना सर्दीची साथ होती, ती ओसरली का? तू स्वतःला जप.

तुझी,
शंकाबाई

रविवार, २ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. सोबतच्या पाकिटात बावीस पानं आहेत. ती आधी उघडू नकोस. आधी हे पत्र वाच, मग ठरव.

गेल्या पत्रात गिचमिड अक्षराचं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. अक्षर चांगलं आहे. तूच घोटून घेतलंस, वाईट कसं असेल?

आठव्या ठिकाणाहून पंधरा दिवसांत उत्तर आलं. तिथे आलेली हस्तलिखितं वाचणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन पानी पत्र लिहिलं आहे. सुरुवातच अशी: 'आपल्या हस्तलिखितात एकसष्टाव्या पानानंतर एकदम चौऱ्याऐंशी येते. मधली पाने आमच्याकडून हरवली असावीत, या समजुतीने आम्ही दोन दिवस कपाटे उपसली. मिळाली नाहीत. क्षमस्व.'

त्यांच्याकडून हरवली नाहीत, आत्या. मीच काढून ठेवली होती. काढल्यावर पुढच्या पानांचे आकडे बदलायला हवे होते, पण माझा हातच होईना. बावीस पानं लपवायची आणि वर बासष्ट लिहून काही लपवलंच नाही असंही दाखवायचं, हे मला दुहेरी खोटं वाटलं. म्हणून आकडे होते तसे ठेवले. त्यामुळे परकी माणसं दोन दिवस धूळ खात बसली. मी दुसऱ्याच दिवशी माफीचं पत्र टाकलं.

आणि हेही तेव्हाच लक्षात आलं: कादंबरी याआधी सात ठिकाणी अशीच जाऊन आली होती. कुणी काही विचारलं नाही. म्हणजे सातांपैकी एकही जण एकसष्टाव्या पानापुढे गेला नव्हता. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग नापास कसली झालीस, तुझा पेपर कुणी तपासलाच नाही. मला हसू आलं, आणि खूप महिन्यांनी पुढचं काही लिहावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी दीड पान लिहिलंसुद्धा.

पण बाई पुढे लिहितात: 'चौऱ्याऐंशीपासून आपली नायिका कागदाला हात लावायला घाबरते. का, ते कळत नाही. कारण त्या पानांत असणार. त्यांच्याशिवाय हे पुस्तक आम्हाला घेता येणार नाही. त्यांच्यासह घेऊच असेही नाही, पण बैठकीत मी आग्रह धरेन. बैठक वीस मार्चला आहे.'

ती पानं तुझ्याबद्दल आहेत.

तुला माहीत आहे, मला शाळेच्या फाटकापाशी नेलं की उलटी व्हायची. तीन वेळा झाली, मग तू म्हणालीस, ठेवा घरी, मी शिकवते. आठ वर्षांची होईपर्यंत तूच माझी शाळा होतीस. वही मिळायची नाही, कारण तुझ्याकडे कागद होते. तुझ्या परत आलेल्या कथा. मासिकांना कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं लागायचं, म्हणून मागची बाजू कोरी असायची. तिच्यावर मी बाराखडी आणि पाढे गिरवले. गणित सुटलं नाही की मी कागद उलटून पुढची बाजू वाचायची. तुझ्या पाणपोईवाल्या बाईची गोष्ट मी अशी वजाबाक्यांच्या मधून मधून वाचली. शेवट कधी मिळाला नाही. त्या पानावर कदाचित दादाने होडी केली असेल.

आणि पाकीट परत आलं की बाबा पोस्टमनला दारातच म्हणायचे, आलं का आमचं लेकरू माहेरी? सगळे हसायचे. तूही हसायचीस. माझी पाकिटं मात्र ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणतात. ते पाहून मला वाईट का वाटतं, ते आता कळलं असेल.

आता खरी गोष्ट. एकदा घरी पाहुणे होते. त्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, एवढे कागद कुठून आणलेस गं? मी सांगितलं, "आत्याचे आहेत. यांची मागची बाजू चांगली आहे. पुढची कुणालाच नको असते."

मी सहा वर्षांची होते. पण मला ठाऊक होतं की मोठी माणसं हसतील, आणि मला ते हवं होतं. ती हसली. तू उठून आत गेलीस. त्यानंतर तुला लिहिताना मी कधी पाहिलं नाही. दोन वर्षांनी मी शाळेत जायला लागले आणि तू वसतिगृहाची नोकरी घेऊन गेलीस.

पानांत हे सगळं आहे, फक्त ते वाक्य मी मावसभावाच्या तोंडी घातलं आहे. तो बिचारा त्या दिवशी आमच्याकडे नव्हताच. एवढं करूनही ती पानं पाठवायचा धीर झाला नाही. ज्या बाईचं लिहिणं मी थांबवलं, तिच्याच थांबण्यावर माझं पुस्तक उभं राहावं, हे मला कसंतरी वाटतं.

म्हणून पानं आधी तुझ्याकडे. तू नको म्हणालीस तर बाईंना तसं कळवीन आणि दुसरं काहीतरी लिहीन. लिहिणं सोडणार नाही, त्याची काळजी करू नकोस. रुसणारही नाही. पण खरं सांग. माझं मन राखण्यासाठी हो म्हणू नकोस.

तुझीच,
शंकाबाई

सोमवार, १७ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं उत्तर गुरुवारी आलं. पाकीट इतकं जाड होतं की बाबांनी सवयीने वर्तमानपत्र शोधायला घेतलं. मग तुझं अक्षर पाहिलं आणि तसंच माझ्या हातात दिलं.

मी ते दुकानात नेलं आणि काका जेवायला गेल्यावर उघडलं. लाल पेन्सिलीच्या खुणाच खुणा होत्या. अगदी पाढे तपासायचीस तशाच. मग तुझी चिठ्ठी वाचली. आता ती मला पाठ झाली आहे, तरी तुझ्यासमोर पुन्हा ठेवते, कारण मी काय वाचलं ते तुला कळायला हवं.

'शंकाबाई, एवढी मोठी होऊ नकोस. मला थांबवायला तेवीस संपादक पुरे पडले नाहीत, तिथे तू सहा वर्षांची पोर काय थांबवणार? माझ्या कथांवर तुला पाढे लिहू दिले, तेव्हाच मी थांबले होते. लिहिणारी बाई आपल्या पानांवर बाराचा पाढा लिहू देते होय? वाक्य लागलं, खोटं कशाला सांगू. पण थांबले ते त्यामुळे नाही. एका दुपारी पुढची ओळ सुचली नाही आणि मी तिची वाट पाहत बसले नाही, उठून धुणं वाळत घातलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग तीच सवय झाली. तू बसून राहतेस, असं तुझी आई कळवते. तशीच बस.'

मी चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. एक गिऱ्हाईक येऊन स्वतःच आरशात चार चष्मे लावून बघून गेलं.

तुझ्या दुरुस्त्या सगळ्या घेतल्या. 'मी उठून आत गेले नव्हते,' असं तू समासात लिहिलं आहेस, 'मी तिथेच बसून तुझा पाढा तपासत होते, बारा सत्ते तू ब्याऐंशी लिहिले होतेस.' मला शपथेवर आठवत होतं की तू उठून गेलीस. मीच तुला उठवलं असणार, माझ्या सोयीसाठी. आणि मावसभावाच्या नावाखाली दोन रेघा मारून तू विचारलंस, 'हा कुठून आला? ज्याचं त्याच्या तोंडी घाल. माझी परवानगी एवढ्याच अटीवर.'

बाबांनाही विचारायला हवं होतं, कारण पोस्टमनचा विनोद त्यांचा. शुक्रवारी जेवणं झाल्यावर त्यांना ते पान वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "मी असं म्हणायचो?"

आई म्हणाली, "दर वेळी."

त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाले, "राहू दे. आहे तसं राहू दे." शनिवारी त्यांनी तुला फोन केला, हे मला आईकडून कळलं. काय बोललात ते विचारणार नाही.

पानं आज सकाळी दुकानात जाताना पाठवली. परवापर्यंत पोचतील, बैठकीच्या आदल्या दिवशी. वीस तारखेला ते काय म्हणतील याचा अंदाज बांधायचा नाही असं रोज ठरवते आणि रोज बांधते. कधी हो येतं, कधी नाही. हो आलं तर तुला तार केल्यासारखा फोन करीन. नाही आलं तर वाईट वाटेल, एक दिवस कदाचित रडेनही, पण नवव्याचा पत्ता काढून ठेवला आहे. नवं लिखाणही अकराव्या पानावर आलं आहे. शनिवारी तासभर पुढची ओळ आली नाही. धुणं भिजलेलंच होतं. मी उठले नाही. शेवटी एक ओळ आली, फारशी चांगली नाही, पण आली.

अट पाळली आहे. 'मावसभाऊ म्हणाला' खोडून 'मी म्हणाले' लिहिलं. दोन शब्दांना सगळा रविवार गेला. पान नव्याने उतरवून स्वच्छ करावं असं वाटलं होतं, मग केलं नाही. खोडलेलं दिसतं आहे आणि त्याच्यावर माझं अक्षर आहे. छापलं तर खाडाखोड दिसणार नाही, पण त्या बाईंना दिसेल, आणि तुला माहीत आहे.

ते बोललेली, आणि तरी तुझीच,
शंकाबाई