विचारायचं कोणाला

मॅडम, तुमच्यावर चिडून लिहितोय. तुम्ही असतात तर तोंडावर बोलायची माझी छाती झाली नसती. शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आपण कारखान्यांसाठी एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा बनवली. तिच्या कंपायलरचा मागचा भाग, म्हणजे गिऱ्हाइकानं लिहिलेलं मशीनला कळेल अशा सूचनांत उतरवणारा, सगळा तुमच्या हातचा. त्यात मधोमध एक तुकडा आहे आणि त्याच्या डोक्यावर तुमची टीप: विचारल्याशिवाय हात लावू नये. मी विचारलं होतं. स्क्रीनवरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "अहो, आधी बाकीचं समजून घ्या. मग हे सांगेन." मी निमूटपणे बाकीचं समजून घेत बसलो. तेवढ्यात तुमचं दुखणं निघालं आणि दिवाळीच्या आत तुम्ही गेलात. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून मी त्या तुकड्याची राखण करतोय. आता कोड तपासायला टूल आहे. ते रोज सगळा कोड चाळतं आणि त्या ओळींवर पिवळी खूण करतं, की हा भाग कधीच चालत नाही. मी रोज ती खूण बंद करतो. नवी मुलं तुमची टीप वाचून हसतात, पुणेरी पाटी म्हणून तिचे फोटो एकमेकांना पाठवतात. कोणी बदलायला गेलं की मी वसकन अंगावर जातो. गेल्या महिन्यात अमरावतीहून आलेल्या एका मुलीनं, टीममध्ये सगळ्यात नीट काम तिचंच, सरळ विचारलं, "सर, हा डेड कोड आहे. ठेवायचा असेल तर कारण तेवढं सांगा." केस पांढरे झाले या कंपायलरवर, आणि मी तिला "मॅडमनी लिहिलंय" एवढंच म्हणू शकलो. तुमचा इतका राग आला मला. एक वाक्य सांगून गेला असतात तर काय बिघडलं असतं?

शेवटी मीच तो तुकडा काढून टाकला. सगळ्या चाचण्या पास झाल्या, नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडे गेली. फोन वाजला की हल्ली मीच धावत उचलतो. एकाला पासवर्ड आठवत नव्हता, दुसऱ्याला मॅन्युअल हवं होतं. बाकी सगळीकडे सुरळीत चाललंय. ती मुलगी खूश आहे, मला चहा आणून देते. हे पत्र पाठवायची सोय नाही ते बरंच आहे, कारण तुम्हाला सांगायला लाज वाटते. कुठेतरी एखादं मशीन अडावं म्हणून मी वाट बघत होतो. अजून बघतोय.