उंबऱ्यातला खिळा

३ जानेवारी
संकल्प : रोज लिहायचं. (परवा-काल पाहुणे होते.) खाणीचा सर्व्हेअर म्हणून हयात गेली, रिटायर झालो तरी जमिनीवर लक्ष ठेवणार. वस्तीखालचा कोळसा काढून झालाय, वरची जमीन खचतेय, अशी आवई आहे. खाणीच्या ऑफिसने घरं सोडा, क्वार्टर देतो म्हटलंय. बायकोने लगेच भांडी बांधायला घेतली. सोडायला लावली.

५ जानेवारी
उंची मोजायचं लेव्हल मशीन काढलं. आमच्या उंबऱ्यात मीच ठोकलेला खिळा आहे. तो शून्य, बाकी सगळी मापं त्याच्यावरून. आपलं घर तसूभर हललेलं नाही. हिला सांगितलं. ही म्हणाली, मग बाथरूमचं दार का लागत नाही. सुताराचं काम तसलंच.

१९ जानेवारी
मधे सर्दी. पुन्हा मापं घेतली. समोरच्या शिंप्याचं घर चार बोटं वर आलंय, शाळा तर वीतभर. म्हणजे जमीन खचत नाही, फुगतेय. हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. यावर रिसर्च पेपर लिहिणार.

२ फेब्रुवारी
पेपरचं शीर्षक झालं. उरलेला उद्या. स्वयंपाकघराच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग. हवा खेळती राहते. शिंपी सामान टेम्पोत भरत होता. त्याला म्हटलं, उगाच जाताय, तुमचं घर उलट उंच झालंय. त्याने शिलाई मशीनही चढवलं.

९ फेब्रुवारी
ही म्हणाली, खिळा उंबऱ्यात, उंबरा घराचा. घर खाली गेलं तर खिळा काय हवेत लटकणार? खूप हसलो. सर्व्हेइंग असं घरबसल्या येत नाही.
दुपारी ताटातली आमटी एकाच बाजूला गेली. ताट फिरवून घेतलं.

११ फेब्रुवारी
ही भावाकडे गेली. म्हणाली, तुमच्याबरोबर म्हातारं व्हायचं होतं, गाडून घ्यायचं नव्हतं. म्हटलं, आकड्यांवर विश्वास ठेव. रिक्षा निघून गेली. चहा केला, दोन कप. करमत नाही.

१४ फेब्रुवारी
पहाटे बाथरूम जमिनीत गेलं. मी आत नव्हतो. आधी मशीन लावलं. उंबरा : शून्य. मग मात्र घाबरलो आणि चप्पल न घालताच पळालो.

१५ फेब्रुवारी, मेहुण्याकडे
हॉलमध्ये झोपतो. सांगितलं, लांबून निरीक्षण जास्त अचूक होतं. मेहुण्याने जुन्या चपला आणून दिल्या, ते फार लागलं. ही जानेवारीतच ऑफिसात जाऊन क्वार्टरला हो म्हणून आली होती म्हणे. किल्ली तिच्याकडे आहे. मला येता येईल का, विचारलं.
विचार करून सांगते म्हणाली.