ओवाळणीचं कुंकू

प्रिय रूपाली,

तुझा दादा, म्हणजे माझा नवरा, सध्या शिळफाट्यावर दुमजली झालाय. किरणचं एवढं मोठं बॅनर त्याच्या मालिकेच्या शंभराव्या भागालाही लागलं नव्हतं. खाली लिहिलंय, ‘दादा, आम्ही तुमच्यासोबत’. काल पोरांनी त्याला दुधाने आंघोळ घातली. कडावच्या म्हशींना कळलं असतं तर त्यांनी पान्हाच चोरला असता! मालिकेत बहिणीसाठी घरदार सोडणारा भाऊ, तो सख्ख्या बहिणीवर हात कसा उचलेल? पेट्रोल पंपावर एका बाईंनी माझा हात धरून सांगितलं, आमचा दादा तसा नाय हो, बहिणीलाच जमिनीची हाव सुटली असंल. मी मान हलवली आणि गाडीत येऊन बसले.

भाऊबीजेला आम्ही तुझ्याकडे खालापूरला आलो, तेव्हा हीच माणसं फोन उंच धरून दारात उभी होती. तू ओवाळलंस, त्याने हात जोडले, सगळ्यांनी शूटिंग केलं. मग दार लावून त्याने तबकात हक्कसोडपत्र ठेवलं. कडावच्या शेतावरचा हक्क सोड, या वर्षी ओवाळणी तू दे म्हणाला. त्या शेताला आता बंगलेवाल्यांचा भाव आलाय. तू सरळ नाही म्हणालीस. त्याला असं तोंडावर ‘नाही’ म्हणणारं माणूस मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं तुला काय सांगायचं? पण तेव्हा तू कशी दिसत होतीस, ते फक्त मला ठाऊक आहे. त्याने ढकलल्यावर चौकटीवर आपटून कपाळ फुटलेलं, आणि तू आधी कलंडलेलं निरांजन उचलून पाटावर नीट ठेवलंस. मग चपला घातल्यास, दार उघडलंस आणि त्या गर्दीतून चालत पोलीस ठाण्यात गेलीस. रडली नाहीस, पदराने कपाळही झाकलं नाहीस. बाई गं, माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो. एवढं बळ तू कुठून आणलंस?

लोकांना वाटलं, ओवाळताना तुझं कुंकू फिस्कटलं. तू गर्दीतून चालत गेलीस, तेव्हाचा व्हिडिओ आता सगळीकडे फिरतोय. बघा, कुंकू हाय, रगत कुठं हाय? आणि कपाळाचे टाके? ते म्हणे तू नंतर स्वतःच आपटून घेतलंस. भाऊजी कामावर होते, आत आपण तिघंच. त्यामुळे तुझं खरं एकटं पडलंय.

किरणच्या वकिलांनी मला पढवून ठेवलंय, की मी स्वयंपाकघरात करंज्या तळत होते, काही पाहिलं नाही. मला करंजी मुडपता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? उद्या सकाळी मी खालापूरला येतेय. गाडी त्याची आहे, म्हणून एसटीने. आधी तुझ्याकडे चहा घेईन, मग ठाण्यात जबाब देईन. तिथून मला त्या घरी परत जाता येणार नाही, तेव्हा माझंही अंथरूण घालून ठेव.

तुझीच,
हर्षलावहिनी