खिडकीवरचा कागद

मी, मथुराबाई देवराव मनवर, वय ५८, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. भीती वाटते, पण ऑपरेशनची कमी.

१. राहतं घर संघदीप आणि पायल या माझ्या दोन लेकरांना निम्मं-निम्मं. शिलाई मशीन पायलला.

२. माझे दिवंगत पती देवराव कापसाच्या जिनिंगचे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करत. जिनिंग बंद पडल्या, तसं दुकानही बसलं. त्यांचं मीटर आणि सोल्डरिंग संघदीपला.

३. दीर भगवानराव यांना दुकानाचं कुलूप. किल्ली नाही. देवराव गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या जेवणावर ते म्हणाले होते, "वहिनी, ते डबडं भंगारात द्या, काहून जागा अडवता?"

४. ते डबडं म्हणजे देवरावांनी १९८५ साली जोडलेला कॉम्प्युटरचा बोर्ड. टीव्हीला लावला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'मथुरा चहा' यायचं, म्हणजे मला चहाची हाक. मी शाळा पाहिली नाही. मराठी त्यांनी मला पाटीवर शिकवलं, ती इंग्रजी अक्षरं त्यावर. ते गेले तेव्हापासून बोर्ड बंद होता. गेल्या वर्षी दसऱ्याच्या साफसफाईत मी त्याला गाद्यांबरोबर आठ दिवस ऊन दाखवलं. एका चिपच्या इवल्याशा काचेवर मळका कागद चिकटला होता, तोही खरवडून काढला.

मग त्यांची वही वाचून बिघाड शोधला. चालू करताना रीसेटची पिन क्षणभर शून्यावर राहून पाच व्होल्टवर चढायला हवी. मीटर ०.३ च्या वर जाईना. बोर्ड नुसता थांबून राहिलेला. कपॅसिटरचा एक पाय सोडवला, पिन चढली, म्हणजे खराब तोच. यवतमाळहून नवा कपॅसिटर आणून बसवला.

वहीचं पुढचं पान त्यानंतर वाचलं: "चिपच्या खिडकीवरचा कागद काढू नये. उन्हाने आत लिहिलेलं पुसलं जातं."

वर्ष होऊन गेलं, बोर्ड टीव्हीला लावायची माझी हिंमत नाही. माझ्यामागे पायलने लावावा. काही न आल्यास भंगारात द्यावा. चूक माझ्या हाताची, त्यांच्या कामाची नव्हे.

५. साक्षीदार विमलताईंनी हे वाचलं आणि म्हणाल्या, "बाई, भेता कायले? पाहून तर जा!" दुसरे साक्षीदार धावजी, त्यांनी टीव्हीची वायर धरली. बटण विमलताईंनी दाबलं.

'मथुरा' आलं. पुढे नुसते चौकोन. चहा पुसला गेला, नाव राहिलं.

कलम ४ मधलं 'भंगारात द्यावा' हे वाक्य रद्द समजावं. बोर्ड पायलला. खिडकीवर नवा काळा कागद चिकटवला आहे. कोणीही काढू नये.

साक्षीदार: विमलताई ढोके (सही), धावजी राठोड (सही)
लिहून देणार: मथुराबाई देवराव मनवर (सही)
दारव्हा, शुक्रवार, १७ नोव्हेंबर २००६