छातीइतक्या पाण्याचा हौद

नाही बाबा, पाण्याले मी भेत नव्हती. कोणी विचारलं नाही, तरी सांगते. जिंदगीभर लोकायले वाटलं का पोरगी भेली, म्हणून परसातला हौद राहून गेला. हौद राहिला तुमच्या कागदापायी. आज भावाचा नातू परसात मोजायचा फिता घेऊन फिरून राह्यला. त्याले डुंबायले लहानसं टाकं बांधायचं हाय. त्यानं तीन ठेकेदारायचे भाव आणून ठेवले, चौथ्याची वाट पाहून राह्यला. ते पाहून माहं डोस्कं फिरलं, म्हणून लिहून राह्यली.

माही दुसरी झाली अन् तापानं डावा पाय लुळा पडला. तुम्ही मले आर्णीहून यवतमाळले नेलं. डॉक्टर म्हणाले, पोरीले रोज छातीइतक्या पाण्यात उभी करा, काठ धरून चालवा, पाय जोर धरीन. शाळा दीड मैल. पुढल्या वर्षीच्या जूनपर्यंत चालता आलं तर शाळा, नाही तर घर. इतकीच गोष्ट होती. पण तुम्ही पडले बांधकामाच्या कचेरीतले कारकून. सहा फूट लांब, चार रुंद, तीन खोल. विटा, चुना, रेती, परमिटचं सिमेंट, मजुरी, वरून दहा टक्के अडीअडचणीचे. लिहून झालं, तर नवे पैसे आले. तुम्ही आणे खोडून सारा कागद नव्या पैशात पुन्हा लिहिला. मग धरायले लोखंडी दांडा वाढवला, पायऱ्या वाढवल्या, रक्कम पगाराबाहेर गेली, मग पायऱ्या कापल्या. म्हातारा गवंडी दारात बिडी ओढत बसे. "साहेब, मी उद्याच खोदतो. तो कागद बाईले द्या, चूल पेटवायले कामी येईन." तुम्ही म्हणत, "असं नसते, मिस्त्री. आधी आखणी." आई आतून म्हणे, "अहो, पोरगी वाढून राह्यली. तुमचा कागद होईपर्यंत पाणी तिच्या कमरेलेच लागीन." तर तुम्ही खरंच मले भिंतीशी उभी करून पुन्हा मोजलं, अन् अंदाजपत्रक पुन्हा!

मे महिन्यात एक दिवस तुम्ही कचेरीत गेलते, तवा आईनं गवंड्याले बोलावलं. दुपारपर्यंत त्यानं खड्डा खोदला, आत कापसाच्या जिनातली जुनी ताडपत्री अंथरली. आईनं विहिरीचं पाणी ओढून ओढून भरलं, तळहात सोलले तिचे. मले आत उतरवलं. पाणी गार, ताडपत्री बुळबुळीत, अन् पाय असा हलका का माहा वाटेना. सांजेले तुम्ही आले. मले वाटलं, आता ओरडता नाही तर हसता. तुम्ही काठावर उकिडवे बसले अन् विचारलं, "खोली किती घेतली?" मोजायलेच लागले. म्हणाले, "काळी माती आहे, बाजू राहणार नाही." अन् ते खरं निघालं, तेच तर सहन होत नाही मले. सकाळी बाजू खचलेली, पाणी जिरलेलं, ताडपत्री चिखलात. आईनं चिखलातून ताडपत्री ओढून काढली. तुम्ही अंदाजपत्रकात ताडपत्रीचा खर्च धरून राह्यलते. जून आला. पोरी शाळेत गेल्या, मी दुसरीवर थांबली. हे अक्षर तवाचंच हाय.

तुम्ही तर कवाचेच देवाघरी गेले, पत्र टाकणार कुठं? अन् तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं. एक गोष्ट मी दाबून ठेवली. त्या सांजेले तुमची मान फित्यावर होती, आई बादली घेऊन विहिरीवर गेलती, तवा मी काठ सोडला अन् चार पावलं चालली. हात न लावता. तुमाले हाक मारायले तोंड उघडलं होतं. तुम्ही म्हणाले, "दोन फूट नऊ इंच," अन् मले असा राग आला का मी परत काठ धरला. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कागद फाडून विटा आणल्या असत्या. हे मले तवाही समजत होतं.

झालं. आता पुढचं विचारू नका. मी सांगणार नाही.