कपाटाच्या पाठीचं भोक

प्रिय डेक्लन,

मार्च संपत आला, उन्हाळा सरला, तरी टाउन्सविलचा उकाडा हटत नाही. आंबे झाले, वटवाघळं गेली, घाम तेवढा राहिला.

तुझ्या खोलीतलं काचेच्या दारांचं कपाट आठवतं? अँप्लिफायरसाठी तुझ्या बाबांनी हौसेनं केलेलं. एका डिसेंबरातल्या उकाड्यात तो त्यातच जळला. बाबा म्हणाले, "एक वस्तू नीट वापरता येत नाही तुला!" तू म्हणालास, "मग वस्तूच सांभाळा," आणि पर्थला निघून गेलास. याला सोळा वर्षं झाली.

बाबा गेल्यावर दोन महिने मी त्यांच्या कामाच्या टेबलाला हात लावला नाही. मग एके दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत तळहातावर मावेल एवढा पंखा, चिमूटभर सुटे भाग आणि त्यांच्या हातची आकृती होती. कपाट तापलं की पंखा आपोआप सुरू व्हावा, गार झालं की थांबावा, अशी. झाकणावर एकच शब्द: डेक्लन. मी कपाट भिंतीपासून ओढलं. मागे गोल भोक पाडलेलं, कडा पॉलिशपेपरनं घासून गुळगुळीत केलेल्या. आत तुझा अँप्लिफायर, दुरुस्त केलेला. कपाट करताना हवेला वाट ठेवली नव्हती ती त्यांनी स्वतः, हे त्यांना कधी कळलं कोण जाणे. मला बोलले नाहीत.

डबा घेऊन मी त्यांच्या त्या शेडमध्ये गेले, जिथे गावातले म्हातारे जमून ठोकाठोकी आणि दुरुस्त्या करतात. बायकांना तिथे फक्त गुरुवारी प्रवेश, तोही घरचे लॅमिंग्टन केक नेले तर. त्यांच्यातल्या मर्व्हनं दारातूनच विचारलं, "नोरीन, पडदे शिवायला आलीस की काय?" मी म्हटलं, "तोंड शिवायला आलेय. तुझ्यापासून सुरुवात करू?" मग त्यानं खुर्ची दिली. सिस्टर इग्नेशियसनी कॉन्व्हेंटमध्ये भरतकामाला बसवून हात न थरथरता धरायला शिकवलं होतं, ते पन्नास वर्षांनी सोल्डरिंगला कामी आलं. बोटं मात्र भाजली.

पाचव्या गुरुवारी सगळं जोडून झालं. उष्णता ओळखणारा मोहरीएवढा मणी असतो, त्याच्यावर मर्व्हनं केस वाळवायचं यंत्र धरलं, आणि फिरणारा पंखा चक्क थांबला. बर्फ लावला, तर पुन्हा भिरभिरायला लागला. शेड हसून लोळली. मर्व्ह म्हणाला, "अगं, हा तर माझा मेहुणा! काम नसताना धावतो, काम आलं की झोपतो." मी मणी आणि त्याच्या जोडीचा रोधक, म्हणजे रेझिस्टर, एकमेकांच्या जागी लावले होते. "नवखे सगळे हेच करतात, जागा बदल म्हणजे झालं," तो म्हणाला. सगळे हसत होते, मीही हसायला गेले आणि रडू लागले. मर्व्हला वाटलं, मला तुझ्या बाबांची, त्याच्या फ्रँकची, आठवण आली. मी तसंच वाटू दिलं.

डेक्लन, दफनानंतर तू मला विचारलंस, "शेवटी तरी माझं नाव काढलं का त्यांनी?" मी म्हटलं, बोलण्याची शुद्धच नव्हती रे. ते खोटं होतं. त्या मंगळवारी सकाळी आठला ते उशीला टेकून नीट बसले होते. चहा अर्धा प्यायले आणि म्हणाले, "नोरीन, फोन दे. पोराला सांगायचंय, कपाट माझं चुकलं होतं." मी म्हटलं, "तिकडे पर्थला आत्ता सहाच वाजलेत. रात्रपाळी करून आला असेल, झोपू दे. दुपारी करू." ते म्हणाले, "बरं." साडेअकराला ते गेले.

सोळा वर्षं मी त्या एका फोनसाठी प्रार्थना केली, आणि तो हातात आला तेव्हा मीच थांबवला. जागा बदलून दुरुस्त होणारी ही चूक नाही.

पंखा आता नीट चालतो. या पत्रासोबत त्याच डब्यातून पाठवते आहे, झाकणावरचं नाव पुसलेलं नाही. रागावलास तर तसं कळव. फोन करायचा असेल तर वेळ बघू नकोस.

म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
आई