विश्रांतीचा रकाना

९ ऑक्टोबर, गुरुवार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मी इथे बरा आहे. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो, कारण कळवणारं कुणी नाही. पत्ता ताईकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मीच तिच्या मागे लागलो होतो. तीनदा ताडून पाहिला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं व्हायचंय. गुडघे आपल्या जागी आहेत, एवढंच त्यांच्याबद्दल चांगलं बोलता येईल. घरातून निघताना गॅस बंद केला का ते बघायला मी अजून दोनदा परत जातो. परवा तिसऱ्यांदा गेलो तर खरंच चालू होता, त्यामुळे ही सवय आता सुटायची नाही.

कामाचं सांगतो. मालक गाड्यांसाठी सॉफ्टवेअर आणतायत. कुठली गाडी कुठे आहे, कुठला माल कुणाला द्यायचा, ड्रायव्हर किती तास चाकावर आहे, सगळं पडद्यावर दिसणार. म्हणजे माझा फळा जाणार. तुला आठवत असेल, पत्र्याचा, खिळ्यांचा, एकेका गाडीचा एकेक बिल्ला टांगलेला. आता एक्केचाळीस बिल्ले आहेत. सहा नंबरचा कोपरा अजून वाकडाच आहे.

मालकांचे मेव्हणे एक छापील यादी घेऊन आले. पहिली दहा सॉफ्टवेअर, आणि ते विकत आहेत ते बरोबर पहिलं. मी विचारलं, “यादी कुणी केली?”

“तज्ज्ञांनी.”

“तज्ज्ञांना पैसे कोण देतं?”

मेव्हण्यांनी मालकांकडे पाहिलं. आमच्या हिशेबनीसबाईंनी दुपारी शोधून काढलं. ज्यांची नावं यादीत आहेत तेच यादीवाल्यांना पैसे देतात. म्हणजे वरबापाने आपल्याच मुलाला दिलेला चांगल्या चालीचा दाखला. मग मेव्हण्यांनी पडद्यावर नमुना दाखवला. त्या नमुन्यात एकही टायर फुटत नाही, एकही पूल बंद नसतो, माल उतरवून घेणारा माणूस कधी जेवायला गेलेला नसतो. मी म्हटलं, हे आमचं गाव नाही, हा स्वर्ग आहे.

मालक वैतागले. सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, मग तुम्हीच घ्या परीक्षा. तीन सॉफ्टवेअर आहेत. आठवडाभरात सांगा कुठलं चांगलं.” त्यांना वाटलं मी मागे सरेन. सातवी शिकलेला माणूस, कॉम्प्युटरला हात लावताना रुमालाने हात पुसतो. मीही तसाच घाबरलो होतो, पण हो म्हणून बसलो.

तुझ्याशी खोटं बोलत नाही. पहिले तीस प्रश्न मी काढले ते असे, की तिन्ही सॉफ्टवेअर नापास व्हावीत. पिठाच्या कारखान्याचा चौकीदार कुणाचं ऐकतो, वगैरे. बाई वाचून हसल्या. “काका, ही परीक्षा आहे की तुमची नोकरी वाचवायचा अर्ज?” फार लाज वाटली. मग आम्ही दोघांनी आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने मिळून वीस प्रश्न केले. प्रत्येकापुढे किती गुण ते आधीच लिहिलं, एकही सॉफ्टवेअर उघडायच्या आत, आणि तिघांच्या सह्या करून पाकीट बंद केलं. नंतर कुणाला आपल्या सोयीने गुण वाढवता येऊ नयेत म्हणून. बाईंनी एक प्रश्न घातला, ड्रायव्हरच्या विश्रांतीच्या वेळेत कुणी फेरफार केला तर करणाऱ्याचं नाव दिसतं का? मी म्हटलं, हा कशाला? त्यांनी खोडला नाही. दहा गुण ठेवले.

पडद्यावर नावं येतात तिथे कागद चिकटवायचे. कुठलं कुणाचं ते कळायला नको, फक्त एक, दोन, तीन. आपल्या जुन्या वह्यांतला एक खरा आठवडा घ्यायचा. तेच माल, तेच ड्रायव्हर, तीच बंद पडलेली गाडी तिघांनाही द्यायची. आणि चौथा उमेदवार मी, फळ्यासकट. ही अट मिस्त्रीची. मला तो घाबरट साहेब म्हणतो. म्हणाला, “घाबरट साहेबांचीपण परीक्षा झाली पाहिजे.”

आठवडा चिठ्ठी टाकून काढला. पहिली चिठ्ठी निघाली त्या वहीची पानं भिजून चिकटलेली होती, म्हणून दुसरी काढली. बाकी विशेष काही नाही.

तुला आठवतं का रे, त्या गुरुवारी तू गाडी घेऊन आत किती वाजता आला होतास? सहज विचारतो. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. नकोच देऊस.

सौभाग्यवतीला आणि मुलांना आशीर्वाद. एक तिकीट पुरेल की नाही कळत नाही, म्हणून दोन लावतो.

तुझा,
दादा

*

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आधीचं पत्र मिळालं असेल किंवा फाडलं असशील. हे फाडण्याआधी एकदा वाच.

वही भिजलेली नव्हती.

पहिली चिठ्ठी तुझ्या अपघाताच्या आठवड्याची निघाली. अकरा वर्षांच्या वह्यांतून नेमकी तीच. माझ्या तोंडून निघालं, ती भिजलीय, आणि बाईंनी दुसरी चिठ्ठी काढली. घरी येऊन ते पत्र तुला लिहिलं, पेटीत टाकलं, आणि मग जेवण जाईना. दुसऱ्याची परीक्षा घ्यायला बसलो आणि पहिल्याच दिवशी मी पेपर बदलला.

शुक्रवारी सकाळी वही बाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, “हीच घ्या.”

त्यांनी पानं चाळली. कोरडी खडखडीत. “वाळली वाटतं?”

“वाळली.”

त्यांनी दुसरी चिठ्ठी फाडून टाकली.

शनिवारी ड्रायव्हर, मिस्त्री, सगळे जमले. दोन नंबरच्या पडद्यावरचा कागद मध्येच गळून पडला तेव्हा मिस्त्री ओरडला, “डोळे मिटा!” आणि अठरा दांडगे ड्रायव्हर शाळेतल्या पोरांसारखे डोळे मिटून बसले. बाईंनी कागद परत चिकटवला. मीही मिटले होते, शपथ.

आता गुणांचं. नीट सांगतो, कारण यावरूनच पुढचं सगळं झालं. एक नंबर दुसऱ्याच दिवसाच्या मालाशी अडकला, त्याने एक गाडी एकाच वेळी दोन गावांना पाठवली. दोन नंबर चलाख. भराभर गाड्या लावतो, अक्षरं मोठी, माझ्या डोळ्यालासुद्धा दिसतात. जे चांगलं ते चांगलं, मी भरभरून गुण दिले. तीन नंबर मंद आहे आणि सारखं काहीतरी विचारत बसतो. आणि मी गिऱ्हाइकांच्या बाबतीत तिघांना मागे टाकलं. कोण कधी जेवायला जातं ते फक्त मला माहीत.

मग आठवड्याचा गुरुवार आला. तुझी खेप.

वहीत तुझ्या नावापुढे विश्रांतीच्या रकान्यात लिहिलंय, आठ तास. फाटकाच्या वहीत लिहिलंय, गाडी सहा, आत दुपारी एक वाजून दहा मिनिटं, बाहेर साडेतीन. दोन्ही वह्या बाईंनी तिघांनाही दिल्या होत्या.

एक नंबरने खेप देऊन टाकली. दोन नंबरने विचारलं, वेळा जुळत नाहीत, देऊ का, पण ‘दुरुस्त’ असं एक बटण आहे, ते दाबलं की गप्प होतो. कुणी दाबलं ते कुठेच राहत नाही. तीन नंबर थांबला. लाल अक्षरांत लिहून आलं की विश्रांतीची नोंद आणि फाटकाच्या वेळा जुळत नाहीत, या ड्रायव्हरला ही खेप देता येणार नाही. मिस्त्रीने नाही नाही ती बटणं दाबून पाहिली. ते म्हणालं, बदलायचं तर कारण आणि नाव लिहा, नाव नंतर पुसता येणार नाही.

राहिला चौथा उमेदवार. मिस्त्री फळ्यापाशी उभा होता. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, सगळे फळ्याकडे पाहत होते.

धाकट्या, तू त्या दिवशी मला म्हणाला होतास, “दादा, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. आज नको.” आदल्या संध्याकाळपासून तू गाडी चालवत होतास. मी म्हटलं, “एवढीच खेप. मालकांनी गिऱ्हाइकाला शब्द दिलाय.” तू किल्ली घेतलीस. तुझी गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आत मी रकान्यात आठ लिहिले. मालकांनी लिहायला सांगितलं नव्हतं. त्यांना सांगावंच लागायचं नाही, मी असा होतो.

चौकशीला माणसं आली तेव्हा मी त्यांना तो रकाना दाखवला. त्यांनी लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा. तू पाय गमावून दवाखान्यात पडला होतास, तुला ते वाचून दाखवलं, आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुला संत्रं सोलून देत होतो. सोलतच राहिलो. तू काही बोलला नाहीस, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

माझ्या फळ्याला त्या प्रश्नात शून्य. मी स्वतःच लिहिलं. बेरीज अशी झाली: तीन नंबर एकाहत्तर, दोन नंबर अडुसष्ट, मी बावन्न, एक नंबर चव्वेचाळीस. मग कागद काढले. दोन नंबर मेव्हण्यांचा निघाला.

काल मालकांनी खोलीत बोलावलं. मेव्हणे बसलेच होते.

“काका, तो एक प्रश्न काढून टाका. बाकी सगळ्यात दोनच पुढे आहे.”

“आहे. तसं अहवालात लिहिलंय. पण प्रश्न निघणार नाही, पाकीट आधी बंद झालं होतं.”

“पाकीट काय देवाने बंद केलंय?”

“हिशेबनीसबाईंनी. त्या जास्त कडक आहेत.”

मालक हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, “ठेवा मग. पण ती नोंद कुणाच्या अक्षरात आहे ते लोक विचारतील. या वयात कशाला, काका?”

हेच वाक्य कुणीतरी बोलेल म्हणून मी अकरा वर्षं गॅस तपासत आलो. आणि ते शेवटी आलं तेव्हा मला वाटलं, बस, एवढंच? मी म्हटलं, “विचारावं लागणार नाही. मी लिहिलंय.” आणि अहवालाला जोडलेलं शेवटचं पान त्यांच्या पुढ्यात सरकवलं. सहा नंबरच्या ड्रायव्हरची चूक नव्हती, नोंद खोटी होती, ती मी केली, खाली माझी सही.

मेव्हणे म्हणाले, “म्हातारा वेडा झालाय.” मी म्हटलं, “वेडा आहे, पण दोन नंबरला अडुसष्ट गुण याच वेड्याने दिलेत. ते तरी पटतात ना?”

मालक म्हणाले, पान काढलं नाही तर उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं, उद्या तर यावंच लागेल, अकरा वाजता अहवाल वाचायचाय. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते मालकांनी ठरवावं, पैसा त्यांचा आहे. पण कुठलं कसं उतरलं ते मी सांगणार, आणि जसं उतरलं तसंच सांगणार. आज फाटकावर अडवलं तर फाटकाबाहेर उभा राहून वाचीन. ड्रायव्हर बाहेर येतील. मिस्त्री म्हणालाय, तो खुर्ची आणून देईल, कारण माझे गुडघे.

चार प्रती काढल्या. एक मालकांना, एक बाईंकडे, एक चौकशीच्या कचेरीला रजिस्टर पोस्टाने. त्याची पावती शर्टाच्या खिशात आहे, आत्ताच पुन्हा पाहिली. चौथी या पत्राबरोबर तुला. ती कुणाला दाखवायची, दाखवायची की नाही, ते तुझं तू बघ.

माफी या कागदावर मागत नाही. ती समोर उभं राहून मागायची असते, आणि तू बोलावलंस तरच मी येईन. नाही बोलावलंस तरी पान जोडलेलंच राहील. ते मी तुझ्या उत्तरासाठी जोडलेलं नाही.

आता तो रकाना दुरुस्त करतो.

त्या गुरुवारची तुझी विश्रांती: दोन तास वीस मिनिटं. आठ तास नव्हे.

तेव्हा खोटं लिहिणारा आणि आज दुरुस्त करणारा एकच,

दादा